भिंतीकडे तोंड केलेला स्पीकर

"गाणं छान ऐकू येतंय हो, पण तानपुरा कुठे आहे?"

बाईंनी हे विचारलं तेव्हा मी चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होतो. बाई म्हणजे आमच्या हिच्या गाण्याच्या गुरू. वय अठ्ठ्याहत्तर, राहायला सदाशिव पेठेत. पाडव्याच्या दिवशी पहिल्यांदाच कोथरूडला आमच्या घरी आल्या होत्या. मी त्यांना मोठ्या हौसेने माझ्या नव्या स्टिरिओवर एक ख्याल लावून दिला होता. वीस मिनिटं त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी समजलो, आवडलं.

"समोरून येतोय की," मी म्हटलं. "दोन स्पीकरच्या बरोबर मधून."

"तेच म्हणते मी. गाणारा समोर असतो. तानपुरा कसा समोर असेल? तानपुऱ्यात आपण बसलेलो असतो."

मग त्यांनी चहा घेतला, श्रीखंडाची चौकशी केली आणि विषय संपला. त्यांच्यापुरता. माझे पुढचे चौदा महिने त्या एका वाक्यामागे गेले.

मी एकतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात काढली. एखाद्या भागाचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापर्यंत बरोबर आहे की नाही, हे सांगणं माझं काम. त्यामुळे घरातल्या यंत्रातून प्रत्यक्ष मैफलीसारखा आवाज येऊ शकतो का, हा प्रश्न मला आवडीनिवडीचा कधी वाटलाच नाही. मूळ वस्तू आहे, तिची प्रत आहे, दोन्ही शेजारी ठेवा आणि फरक मोजा. निवृत्तीच्या पैशातून स्पीकर आणि साठ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तो याच भरवशावर.

सुरुवात खोलीपासून केली, कारण पहिला दोष तिथेच होता. आमची गाण्याची खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते, तो सूर खोली स्वतःच धरून ठेवते आणि फुगवते. गणित सोपं आहे. माझ्या खोलीत लांबीचा सूर येतो ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं, रुंदीचा ५६ आणि उंचीचा ५९. शेवटचे दोन जवळजवळ एकावर एक. म्हणून डग्ग्यावरची घिस्सा, तळवा घासून काढलेला तो खोल सूर, माझ्या घरात नेहमी घुमायची, तबलजी कुणीही असो. कित्येक महिने मी त्याचा दोष स्पीकरला देत होतो.

आमच्या भागातल्या गादीवाल्याकडून पाच फूट उंचीचे चार लोड शिवून घेतले. एवढे मोठे लोड कशाला, हे त्याला सांगून पटेना. शेवटी "गाण्याच्या बैठकीला" म्हटल्यावर त्याने कापूस गच्च भरून दिला. कोपऱ्यांत ते उभे केले, खाली जाजम, मागच्या भिंतीला जुनी गोधडी. टाळी वाजवली की भिंतींमध्ये जो टणटण आवाज फिरायचा तो गेला. गाण्यातले शब्द स्वच्छ झाले. ५६ च्या घुमण्यावर मात्र लोडांचा फारसा उपाय चालला नाही. इतक्या लांब लाटेपुढे दीड फूट कापूस म्हणजे काहीच नाही. ते कमी झालं खुर्ची हलवल्यावर. माझी खुर्ची भिंतीला टेकलेली होती आणि भिंतीलगत खर्जाचा दाब सगळ्यात जास्त असतो. ती चार फूट पुढे घेतली, स्पीकर भिंतीपासून अडीच फूट सोडवले. या कामाला एक पैसा लागला नाही. ज्यांनी नुकतीच अशी यंत्रणा घेतली असेल त्यांना मी हेच सांगतो की वायरींवर पैसे घालण्याआधी एक रविवार खुर्ची हलवण्यात घाला.

एवढं झालं तरी तानपुरा समोरच. दोन स्पीकरच्या मधे, चित्रासारखा.

ही काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज. तिचा तानपुरा मिरजेचा, तिच्या वडिलांनी लग्नाआधी आणलेला. त्याच्या जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन तारा २०८ हर्ट्झच्या आसपास लागतात आणि खर्जाची तार बरोबर निम्म्यावर, १०४ ला. माझे स्पीकर ५० पर्यंत सहज उतरतात, वर वीस हजारांपर्यंत जातात. म्हणजे तानपुऱ्यातला एकही सूर असा नाही की जो माझ्या यंत्राच्या हाताबाहेर आहे. कागदावर काहीही कमी नाही. मग ही तार छेडते तेव्हा खोली भरते आणि स्पीकरमधला तानपुरा स्पीकरपाशीच राहतो, ते का?

त्या डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो. मी रमणबागेतल्या दिवसांपासून जातोय, शाल पांघरून, सतरंजीवर, शेजारच्या अनोळखी माणसाने पुढे केलेल्या थर्मासमधला चहा पीत. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव आता मुकुंदनगरला होतो आणि मांडव इतका मोठा असतो की मागे बसलं तर कलाकार अंगठ्याएवढा दिसतो. त्या वर्षी मी कान मोजमापाला लावून बसलो होतो. आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मी इथेही स्पीकरच ऐकतोय. गवयाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माइक, तानपुऱ्याला माइक, तबल्याला दोन, आणि मग उंच टांगलेल्या स्पीकरच्या रांगा. कलाकार मधोमध बसलाय आणि आवाज डाव्या हाताच्या खांबावरून येतोय. मंडपाला बंद भिंती नाहीत, त्यामुळे खोलीचा म्हणून जो नाद असतो तोही नाही.

आणि तरीही अंगावर काटा आला. त्या दिवशी मारव्याचा कोमल रिषभ लागला तेव्हा पाच-सात हजार माणसं एकदम गप्प झाली, ती शांतता मी कुठल्याही यंत्रावर ऐकलेली नाही. पण माझ्या प्रश्नासाठी ती जागा चुकीची होती. स्पीकरची तुलना स्पीकरशी करून काय मिळणार? नुसत्या आवाजाच्या स्वच्छतेचा विचार केला तर माझी घरातली खोली सवाईच्या मागच्या रांगेपेक्षा सरस आहे, हे मी निःशंकपणे सांगतो. पुण्यातल्या बहुतेक नाट्यगृहांबद्दलही माझं हेच मत झालं आहे. आपण ज्याला प्रत्यक्ष गाणं म्हणतो त्यातलं नव्वद टक्के गाणं विजेवर चालतं.

विजेविना गाणं उरलंय ते घरगुती बैठकीत. बाईंच्या घरी दर महिन्याला असते. लाकडी तुळयांचं माळवद, खाली जाजम, तीसेक माणसं, माइक नाही. जानेवारीच्या बैठकीला मी कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून साउंड लेव्हल मीटर मागून नेला. बाईंची परवानगी घेतली होती. त्या म्हणाल्या, "मोजा. फक्त तो माझ्या समोर धरू नका."

तानपुऱ्यापासून सहा फुटांवर आकडा आला ५१, फार तर ५२ डेसिबल. मी तो तीनदा तपासला, कारण मला तो खूपच कमी वाटला. आमच्या घरात नुसता पंखा लावला तर ४५ होतात. गाणाऱ्या मुलीचा मंद्रातला आलाप ६२-६५, तार षड्जावर ८६. तबल्याची थाप क्षणभर १०५ ला जाऊन आली.

घरी मी सगळंच एका पातळीवर, ७५ च्या आसपास ऐकत होतो. म्हणजे तानपुरा खऱ्यापेक्षा किती तरी मोठा आणि तबला खऱ्यापेक्षा किती तरी लहान. हे नुसतं लहानमोठं होणं नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की कानाला खर्जाचे सूर हळू आवाजात फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते बाकीच्यांपेक्षा वेगाने वर येतात. एकच तानपुरा ५२ वर आणि ७० वर वाजवला तर कानाला ते दोन निराळे तानपुरे आहेत. घरी आल्याबरोबर पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि मीटर बघून आवाज ५२ वर आणला. ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "हे काय केलंत? हा जरा बरा वाटतोय."

तबल्याचा प्रश्न मात्र सरळ पैशांचा निघाला. माझ्या स्पीकरला एक मीटरवर ८६ डेसिबलसाठी एक वॉट लागतो. ९६ साठी दहा, १०६ साठी शंभर. अ‍ॅम्प्लिफायर साठचा. खऱ्या थापेपाशी तो पोहोचायच्या आतच आवाज फाटतो. शिवाय ध्वनिमुद्रण करतानाच तबल्याच्या आवाजाची सगळ्यात मोठी टोकं दाबलेली असतात. सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं, पण बाजारातल्या फार थोड्या मुद्रणांत ते वापरलेलं असतं. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे, त्यामुळे मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणायचा विचार मी सोडला.

तानपुरा सोडवेना.

मूळ आणि प्रत शेजारी ठेवायची युक्ती मला सुचायच्या शंभर वर्षं आधी लोकांनी करून ठेवली होती. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगावी प्रयोग केले. गायिका रंगमंचावर फोनोग्राफशेजारी उभी राहायची, मध्येच गायचं थांबायची आणि यंत्र पुढे गात राहायचं. दिवे घालवून प्रेक्षकांना ओळखायला सांगायचे आणि त्यांना ओळखता यायचं नाही. अ‍ॅना केस नावाच्या गायिकेने पुढे सांगितलं की ती आपला आवाजच यंत्राला जुळेल असा ठेवत असे. हे वाचून मी बराच वेळ विचार करत बसलो. प्रत मुळासारखी झाली नाही तर मूळ प्रतीसारखं करायचं! आपल्याकडेही हे घडलंय. तीन मिनिटांच्या तबकडीसाठी तासाभराचा ख्याल कापायला शिकले आपले गवई.

दुसरा प्रयोग मला जास्त प्रामाणिक वाटला. एडगर विल्चर या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च ही स्पीकरची कंपनी काढली आणि पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेटच्या चार वादकांना घेऊन कार्यक्रम केले. वादक वाजवता वाजवता थांबत, गज नुसता तारांवरून फिरवत राहत आणि सूर स्पीकरमधून चालू राहत. श्रोत्यांना बदल कळत नसे. त्यातली गोम अशी की विल्चरने ते वादन उघड्यावर, घराबाहेर मुद्रित केलं होतं. खोलीत मुद्रण केलं तर वाद्याबरोबर खोलीचा नादही फितीवर येतो, आणि ते दुसऱ्या खोलीत वाजवलं की नाद दुप्पट होतो. आकाशाखाली फक्त वाद्य येतं.

आमच्या सोसायटीला गच्ची आहे.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे साडेचारला आम्ही दोघं वर गेलो. हिने दोन स्वेटर घातले होते, तानपुरा रजईत गुंडाळून नेला होता. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. थंडीत तारा चढल्या, घरात लावलेला तानपुरा वर जाऊन बेसूर झाला आणि तो लावेपर्यंत पेपरवाल्यांच्या स्कूटर सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तानपुरा अर्धा तास गच्चीवरच ठेवला, मग लावला, मणी सरकवून बारीक केला, पण जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारी झिणझिण, बोलेना. घोडी आणि तारेमधला दोरा केसभर हलवत हिची बोटं गारठली. तो दोरा म्हणजे काय चीज आहे हे मला त्या पहाटे कळलं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलंय. तानपुऱ्याच्या घोडीची पाठ गोलसर असते, तार तिच्यावरून उठता-टेकता थरथरते, आणि एरवी त्या जागी छेडल्यावर जे वरचे स्वर उमटायलाच नकोत तेसुद्धा उमटतात. खर्जाच्या तारेत पाचपट कंपनाचा गंधार आपोआप ऐकू येतो तो त्यातूनच. दोरा चुकला की गंधार जातो. मी टॉर्च धरून उभा होतो. साडेपाचला पंपाचा आवाज सुरू झाला आणि आम्ही खाली आलो.

तिसऱ्या दिवशी सात मिनिटं मिळाली. सलग, स्वच्छ, फक्त शेवटी एक टिटवी. तानपुरा आणि नंतर तिचा आवाज, निराळे निराळे. तिथेच मला एक गोष्ट दिसली जी खोलीत कधी जाणवली नव्हती. मायक्रोफोन कुठे ठेवावा म्हणून मी कान लावून तानपुऱ्याभोवती फिरत होतो, तर दर दोन पावलांवर वाद्य बदलत होतं. तबलीसमोर, म्हणजे पुढच्या लाकडी फळीसमोर, जवारीची झिणझिण, भोपळ्याच्या मागे भरीव खर्ज, दांडीच्या बाजूने पातळ, लांबट नाद. आणि गच्चीवर, भिंतींशिवाय, यातला कुठलाही एक आवाज म्हणजे तानपुरा नव्हता. ही म्हणाली, "इथे काही तरी उघडं पडल्यासारखं वाटतंय." खोलीत हे सगळे आवाज भिंतींवर जाऊन, छतावर जाऊन, वेगवेगळ्या क्षणी आपल्यापाशी येतात. त्यांची बेरीज म्हणजे बाईंचा तानपुरा, ज्यात आपण बसलेलो असतो. स्पीकर खर्ज चहूकडे सोडतो, पण जवारीचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. माझ्या खुर्चीवर.

परीक्षा मे महिन्यात घेतली. बाईंना गाडीने आणलं, त्यांच्या दोन शिष्या आल्या, शेजारचा तबला शिकणारा मुलगा आणि त्याची आई आली. खोलीत मधोमध दोरी बांधून पातळ चादर टांगली. चादरीपलीकडे हिचा तानपुरा, तिच्याशेजारी एक स्पीकर, दोन्हींची पातळी मीटरने ५२ ला जुळवलेली. पंखा बंद, सगळे घामाघूम. दहा वेळा तानपुरा वाजणार, खरा की मुद्रित हे प्रत्येकाने कागदावर लिहायचं. खरा कधी आणि मुद्रित कधी, ते मी आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं.

पहिल्या फेरीत बाईंचे दहापैकी दहा बरोबर. शिष्यांचे आठ आणि नऊ. तबलेवाल्या मुलाचे सात. त्याच्या आईचे सहा, म्हणजे जवळपास अंदाजपंचे. मग सगळ्यांना मी स्वयंपाकघरात बसवलं आणि दार उघडं ठेवलं. मला वाटलं होतं तिथून फरक पुसट होईल. बाईंचे पुन्हा दहा. त्या म्हणाल्या, "एक तानपुरा घरात आहे आणि एक पेटीत आहे."

तेव्हा मी स्पीकर उचलला आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. दुसरा आणला, जमिनीवर आडवा ठेवला, तोंड छताकडे. पहिल्यात तबलीसमोरचं मुद्रण, दुसऱ्यात भोपळ्यामागचं. आवाज पुन्हा ५२ ला आणला. कुठल्याही दुकानदाराने हे बघितलं असतं तर मला हाताला धरून बाहेर काढलं असतं.

सगळे परत खोलीत येऊन बसले. पहिल्या वेळी बाई लिहायच्या थांबल्या. पेन्सिल हातात तशीच. दुसऱ्या वेळी त्यांनी मान कलती केली, जशी त्या शिष्येचा स्वर तपासताना करतात. शेवटी कागद माझ्या हातात दिला. दहापैकी सहा बरोबर. चार चुकले.

"आता हा घरात आलाय," त्या म्हणाल्या.

त्यावर मी काही बोललो नाही. आतून ही चादर बाजूला करून बाहेर आली आणि कागद बघून तिने माझ्याकडे बघितलं, तेवढं मला पुरेसं होतं.

खरं तर इथे मी थांबायला हवं होतं, पण हिच्या गळ्याची फेरी बाकी होती. गच्चीवर मुद्रित केलेला हिचा यमनचा आलाप, पाच मिनिटांचा, आणि तोच आलाप, शक्य तितका तसाच, ती चादरीआड बसून गाणार. गळा वाद्यासारखा चहूकडे पसरत नाही, तो बराचसा समोर जातो. म्हणून आवाजासाठी मी स्पीकर पुन्हा श्रोत्यांकडे वळवला. माझी अटकळ होती की इथे यंत्र सहज जिंकेल. आणि बाकीच्यांपुरती ती खरी ठरली. दोन्ही शिष्या गोंधळल्या. त्या रोज हिच्या शेजारी बसून गातात, तरीही.

बाईंनी मात्र पाचही वेळा अचूक सांगितलं. मला वाटलं त्यांना श्वास ऐकू येतोय, किंवा कपड्याची सळसळ. मी विचारलं.

"श्वास दोन्हींत आहे," त्या म्हणाल्या. "मी काय केलं ते तुम्ही बघितलं नाही का?"

मी बघितलं नव्हतं. तबलेवाल्या मुलाने बघितलं होतं. तो म्हणाला, "आजींनी प्रत्येक वेळी निषादावर वा म्हटलं."

तसंच होतं. आलापात ही जेव्हा निषादावर येऊन थांबायची, तेव्हा बाई हलकेच 'वा' म्हणायच्या, बैठकीत म्हणतात तसं. ही खरी गात असेल तर ती निषादावर जरा जास्त रेंगाळायची, पुढचा षड्ज लांबवायची, एखादी जागा पुन्हा घ्यायची. मुद्रण असेल तर षड्ज ठरलेल्या वेळी यायचा. हिला स्वतःला ठाऊकही नव्हतं की ती असं करतेय. मी तिला अगदी तसंच गायला बजावलं होतं आणि तीही तसंच गातेय असं समजत होती.

माझ्या मीटरवर यासाठी काटा नाही. मी तो त्या दिवशी सहकाऱ्याला परत नेऊन दिला.

एव्हाना सात वाजले होते. सगळ्यांना पन्हं दिलं, पंखा लावला. बाकीची मंडळी गेली. बाई थांबल्या. त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली एक कॅसेट काढली. त्यांच्या गुरूंची १९८१ सालची बैठक, कुणा श्रोत्याने घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलेली. "तुमच्याकडे वाजेल का बघा. माझ्याकडचं यंत्र बंद पडून सहा वर्षं झाली." त्यांचे गुरू भारत गायन समाजात शिकलेले. समाज १९११ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी काढला. बुवा १९२२ मध्ये गेले आणि त्यांच्या आवाजाचं एकही मुद्रण आज उपलब्ध नाही. हे बाई नेहमी सांगतात आणि सांगताना त्यांचा स्वर खाली जातो. "बुवांचं गाणं कसं होतं, हे सांगणारे लोकही गेले आता. निदान हे तरी ठेवा कुठे तरी."

माझा जुना डेक माळ्यावर होता. काढला, हेड पुसलं, लावला. सुरुवातीला नुसती फितीची सरसर. मग एक म्हातारा, पण ताठ आवाज. दूर ठेवलेल्या माइकने घेतलेला, वरचे सूर गेलेले, तबला डबा बडवल्यासारखा. तानपुरा तर सरसरीत पार बुडालेला. मोजमापाच्या कुठल्याही कसोटीवर ते मुद्रण टिकलं नसतं.

बाई जमिनीवर बसल्या आणि हिला म्हणाल्या, "तानपुरा दे."

कॅसेट थोडी वेगाने फिरत होती, त्यामुळे गुरूंची पट्टी मूळच्यापेक्षा किंचित वर गेली होती. बाईंनी खुंट्या पिळून तानपुरा त्या चढलेल्या पट्टीला लावायला घेतला. काळी चारचा तानपुरा पुरुषाच्या पट्टीला आणायला बरंच उतरवावं लागलं, तारा ढिल्या पडल्या, दोरा पुन्हा सरकवावा लागला. दहा मिनिटं लागली. तोवर मी टेप थांबवून बसलो होतो. मग त्यांनी मान हलवली आणि मी बटण दाबलं.

बाई छेडत राहिल्या. खोली तानपुऱ्याने भरली, खऱ्या, समोर बसून वाजवलेल्या. सरसर अजून होती, पण ती कुठे तरी मागे गेली. आणि इतका वेळ दोन स्पीकरच्या मधे अडकलेला तो आवाज तिथून सुटला. तानपुऱ्याच्या पलीकडे, लोडाला टेकून कुणी तरी गात असावं असं वाटायला लागलं. आम्ही दोघं दाराशीच बसलो. ही पंखा बंद करायला उठली.

मध्यलयीत एका जागी गुरूंनी तान अर्ध्यावर सोडली आणि समेवर नुसता षड्ज ठेवला. बाई म्हणाल्या, "वा."

आणि त्या तानपुरा छेडत राहिल्या.